दोन माणसांची मोटर

४ मार्च, मंगळवार
धक्क्याच्या कारकुनाने आज कागद हातात दिला. नाव तीन महिने जागची हललेली नाही. एकतीस तारखेपर्यंत मालकाने तलावातल्या लाल पिंपाला वळसा घालून आणली नाही, तर धक्क्यावरची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.
"मालक तर –" मी म्हणाले.
"तुम्ही न्या. मालक हलला पाहिजे असं नियमात नाही. नाव हलली पाहिजे."
यादीत पुढचा कोपऱ्यावरचा दंतवैद्य आहे. हे गेल्यापासून आठवड्यातून दोनदा माझी चौकशी करतो. उशी शिवून घेतलीय म्हणे, नावेत बसायला!

५ मार्च
वल्हवून पाहिलं. मधल्या फळीवर नाही बसले. ती ह्यांची. मागच्या फळीवर, माझ्या नेहमीच्या जागेवर बसून एकच वल्हं मारलं. दुसरं धरायला उजवा खांदा वर जात नाही. नाव जागच्या जागी तीन वेळा गोल फिरली आणि धक्क्याला टेकली. दंतवैद्याने टाळ्या वाजवल्या.
मोटर घ्यावी लागणार. ह्यांचं जन्मभर एकच – "मोटर लावली की ती नाव नाही, मिक्सर." पण जागा गेली तर नाव अंगणात येणार. अंगणात आली की मी एक दिवस तिच्यात कुंड्या ठेवीन. मला माहीत आहे मी. ते नको.

७ मार्च, शुक्रवार
मोटरींचं दुकान. नणंद बरोबर होती. भिंतीभर मोटरी खुंट्यांना टांगलेल्या, खाटकाच्या दुकानासारख्या. स्वस्तात दोनच. अडीच घोड्यांची नवी, तेरा किलो. पाच घोड्यांची वापरलेली, चोवीस किलो, किंमत तीच.
"अडीच म्हणजे अर्धा घोडा कुठला हो? पुढचा की मागचा?" – नणंद.
"मागचा, बाई. मोटर मागेच लागते."
मग दुकानदाराने पेन्सिल काढली. "नावेत माणसं किती? वजनं सांगा."
"दोन. एक चोपन्न, एक एक्याऐंशी."
तोंडातून गेलं. नणंदेला वाटलं एक्याऐंशी मी तिला म्हटलं! ताडकन उठून बाहेर जाऊन उभी राहिली.
"मग पाच घोडेच घ्या," दुकानदार म्हणाला. "दोन माणसं आणि समोरून वारा – अडीचला धाप लागेल." वहीत लिहिलं: माणसं दोन.
मी दुरुस्त केलं नाही. एकोणतीस वर्षं वजनमाप खात्यात काढली. दुसऱ्यांच्या तराजूंवर शिक्के मारले, दहा ग्रॅम कधी खपवून घेतले नाहीत. आज एक्याऐंशी किलो, सरळ तोंडावर!

८ मार्च
नणंद बोलत नाही.

१० मार्च, सोमवार
बोलली. "वहिनी, ते दादाचं होतं ना?"
हो म्हटलं.
"शेवटी कुठे होता गं तो एक्याऐंशी."
एकसष्ट. काटा मीच आणला होता घरी. रोज सकाळी मीच टिपायची. तो आकडा दुकानदाराला सांगायचा नव्हता.

१३ मार्च
मोटर आली. अंगणात मोठ्या डब्यात पाणी भरून चालवून पाहिली. डाव्या हाताने सहा वेळा दोरी ओढली – काही नाही. सातव्यांदा सुरू झाली आणि डब्यातलं सगळं पाणी कुंपणापलीकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर. शेजारीण धावत आली. "अहो, धुतलेलेच होते ते!"

१६ मार्च, रविवार
लाजिरवाणा दिवस. मी मागे, मोटर मागे, पेट्रोल मागे. मूठ जरा पिळली आणि नावेचं नाक आभाळाकडे! पिंप दिसेना, काही दिसेना. नुसते ढग. दंतवैद्य तेवढा ऐकू येत होता – "वा! अजून मोठा आ करा!"
परत आले. कारकून म्हणाला, "दोघांची मोटर घेऊन एकट्या कशाला जाता? पुढे कोणाला तरी बसवा."

१७ मार्च
नणंदेला विचारलं.
"मी काय वाळूचं पोतं आहे?" जरा वेळाने – "किती लागेल?"
"एक्याऐंशी."
"मी नाही हं तेवढी!"
"मग किती?"
"ते मी डॉक्टरलाही सांगत नाही."

२० मार्च
खात्यात माझ्या हाताखाली होता त्याने बाद झालेली लोखंडी वजनं आणून दिली. वीसची चार, एकचं एक. "बाई, नावेत काय मोजणार?" म्हणाला.
पुढच्या फळीवर रचली. गंजू नयेत म्हणून ह्यांचा रेनकोट घातला. बटणं लावली. दंतवैद्याने लांबून हात केला आणि मग मटकन खाली बसला.

२२ मार्च, शनिवार
निघाले. नाक सरळ! अर्ध्या वाटेपर्यंत छान. मी बोललेसुद्धा – मिक्सर आहे, चालवून घ्या.
मग वारा फिरला. पुढून लाट आत, पुन्हा लाट आत. पाय घोट्यापर्यंत बुडाले. पुढचं वजन कमी करायला हवं होतं. पुढे सरकले, रेनकोट काढला, एक वीस उचलून टाकलं.
एकसष्ट उरले.
त्याच्यापुढे हात जाईना. पाणी येतच होतं. नाव बुडाली तर जागा राहून काय उपयोग? बाकीची टाकली. शेवटचं एक किलोचं जरा वेळ मांडीवर होतं. तेही टाकलं.
पिंप न गाठताच परत. रेनकोट ओला.

२४ मार्च
दिवसभर काही नाही.

२९ मार्च, शनिवार
दुकानात गेले. मोटर परत केली, अडीच घोड्यांची मागितली. दुकानदाराने वहीतली आधीची ओळ खोडली.
"माणसं?"
"एक."
"वजन?"
"चोपन्न."
नळीचा एक तुकडा मुठीवर चढवून दिला. "एकट्या असाल तर मागे बसू नका. ही नळी धरून मधल्या फळीवर बसा. नाक वर जाणार नाही."

३१ मार्च
मधल्या फळीवर बसले. पिंपाला वळसा घालून आले.