शेजारचा माग

सोलापूर, मंगळवार, १२ मार्च १९७४

छातीत पुन्हा धडधड. ह्यांच्या दिवसकार्याला आलेला दादा शिकवून गेला, डोळे मिट, श्वासाकडे लक्ष दे, भीती जाते. पण श्वासाकडेच तर लक्ष देत होते मी सबंध हिवाळा, ह्यांच्या. डोळे मिटले की तोच ऐकू येतो, अडखळत.

आमच्याकडे दुखवटा म्हणून शेजारच्या पद्माबाईंनी हातमाग बंदच ठेवलाय. घर सुन्न. आज परसातून हाक मारून म्हटलं, "माग सुरू करा की."

"तुमाला तरास न्हाई व्हायचा, वैनी?"

"ह्यांना त्या आवाजावरच झोप लागायची."

माग सुरू झाला. चार ठोक्यांना श्वास आत, चार ठोक्यांना बाहेर. धडधड शमली खरी. आणि सवयीनं हात बाजूच्या खाटेवर गेला, ह्यांची छाती हलते का बघायला.