खंड्या मध्ये उभा राहिला

पेण, २० नोव्हेंबर १९९६

चि. सौ. सरू हीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नात मी माझ्या हाताने केलेल्या वस्तू: सागाचे दोन पाट, देव्हारा, भांड्यांची मांडणी, आणि पुढे पिंकीसाठी पाळणा. सुतारकी कुणाकडे शिकलो नाय, पण एकाही वस्तूला टोकदार कोपरा ठेवला नाय. रुपयाचं नाणं ठेवून गोलाई आखतो, मग रंधा, मग पॉलिश पेपर. मग भाऊबीजेला तुझ्या कपाळावर खोक होती, ती मांडणीचा कोपरा लागून झाली म्हणालीस, तो कोपरा कुठला गो?

कुत्रा माजलाय, अंगावर येतो, असं सांगून तुझ्या नितेशरावांनी त्याच दिवशी खंड्याला माझ्यासोबत परत धाडला. इथे तो कोंबडीवरसुद्धा गुरकावत नाय. काल डोलवीचे दत्तात्रेय दाराचं माप द्यायला आले होते. जेवण जड झालं म्हणून त्यांनी कमरेचा पट्टा काढून हातात घेतला. खंड्या ओसरीवरून उठला तो थेट चुलीपाशी, तुझ्या वहिनीच्या, हौसाच्या पुढे आडवा उभा. थरथरत होता, पण हलला नाय. पट्टा परत कमरेला चढला तेव्हाच बसला.

दत्तात्रेय गेल्यावर मी काठी उचलून बघितली. त्याने शेपटी हलवली. दोरी घेतली, वास घेऊन गेला. पट्टा हातात घेतला, तोंडाने हसत घेतला, तरी हा पुन्हा हौसाच्या पुढे. स्वतः मार खाल्लेला कुत्रा खाटेखाली घुसतो, सरू. हा बाईच्या पुढे उभा राहतो. हे तो कुणाच्या घरात शिकला?

खरं काय ते लिही. पिंकीला पापा.
तुझा दादा, सखा

मु. अष्टमी, २७ नोव्हेंबर १९९६

ती. दादास, सरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

नशीब, पत्र माझ्याच हाती पडलं. असं उघडं लिहू नकोस रे. यापुढे शेजारच्या सीताबाईंच्या पत्त्यावर टाक. त्यांनी यांच्या चुलत्यांच्या, हैबतरावांच्या कानावर सगळं घातलंय, ते समजावतील म्हणतात. तू भांडायला येऊ नकोस. मुक्या जनावराच्या वागण्यावरून कुणी सोयरीक मोडतं का? वहिनी हसतील मला.

तुझ्या मांडणीला नाव ठेवलं, माफ कर. दुसरं काय सांगायचं ते सुचलं नाय.

एक मात्र खरं. हे धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून यायचे. त्यांनी दारात बूट कसे काढले, तेवढ्यावरून खंड्याला कळायचं. तो माझ्या पायाशी आला की मी पिंकीला सीताबाईंकडे सोडायची. आता तो नाय. मला बुटांवरून काय कळत नाय.

तब्येतीस जप. राग आवर.
तुझी सरू

पेण, ४ डिसेंबर १९९६

चि. सरू हीस आशीर्वाद.

‘सौ.’ मुद्दाम गाळलंय, आणि नितेशला ‘राव’ लावायला माझा हात वळत नाय. हौसा हसली नाय. तुझं पत्र वाचून तिने ताट सरकवलं, आणि अजून कसला मुहूर्त बघताय म्हणून मलाच झापलं.

काल हैबतराव पेढे घेऊन आले. तरुण रक्त हाय, जरा हात चालतो, तुम्ही मोठे, सांभाळून घ्या, असं गोड गोड बोलले. वर, नितेशच्या शब्दावर कंपनीच्या कँटीनच्या बाकड्यांचं काम मला देतो म्हणाले. अट एकच, तू माहेरी यायची नाय नि मी तोंड उघडायचं नाय. मी एक अक्षर बोललो नव्हतो, रंधाही हातातून ठेवला नव्हता. तरी खंड्या उठला आणि हैबतरावांच्या पुढे उभा राहिला, तोंड माझ्याकडे करून. मार कुणाला बसणार ते त्याला बरोबर कळलं. हैबतरावांना नाय कळलं. त्यांना वाटलं कुत्रा लाडात आलाय.

रविवारी सकाळी मी आणि हौसा टेम्पो घेऊन येतोय. पाट, देव्हारा, मांडणी, पाळणा, सगळं परत आणायचं. पिंकीचे कपडे सीताबाईंकडे आधीच ठेव. खंड्या पुढे, माझ्या शेजारी बसेल. तू दाराशी उभी राहा, पुढचं आम्ही बघू.

आजवर होती तशीच माया ठेव, या उशिरा जाग आलेल्या भावावर.
तुझा दादा, सखा

ता. क. बाकड्यांचं काम मी नाकारलं. चाळीस बाकडी, अठरा हजार रुपये.