चाकांची टोपडी आणि एक लिंबू

४ डिसेंबर १९८८, रविवार

परत नाही चढलं! नेवाळीच्या त्या लढाईच्या काळातल्या धावपट्टीवर सकाळपासून उन्हात उभी. ह्यांचं विमान धावलं, उचललं, म्हशीच्या पाठीएवढं वर गेलं आणि दमल्यासारखं खाली बसलं. शेजारी चरणाऱ्या म्हशीने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

सात वर्षं ठाकुर्लीच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे बांधकाम चाललंय. अमेरिकेतून टपालाने मागवलेले नकाशे, कुठल्याशा बीटल गाडीचं इंजिन आणि पंखांचं कापड शिवायला माझं मशीन! रेल्वेच्या वर्कशॉपातला फोरमन माणूस – रविवारी तरी घरात असावा की नाही? कॉलेजात असताना ग्लायडर उडवलं, तो किडा अजून वळवळतोय.

एकटे बसले की चढतं. पण सीटा दोन. विमानखात्याचे साहेब मार्चमध्ये येणार, ते दोन माणसांच्या वजनानिशी बघणार. धावपट्टीच्या टोकाचं चिंचेचं झाड ओलांडलं तरच परवान्याचा पुढचा कागद. म्हणून दुसऱ्या सीटवर माझ्या वजनाचं तांदळाचं पोतं बांधतात. बावन्न किलो. पोतं बसलं की विमान बसलं.

"तुझ्यामुळे उडत नाही," म्हणाले. मी आत नसताना!

५ डिसेंबर

सकाळी आंघोळ करून तुळशीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "होळीपर्यंत उडालं नाही तर करवतीने कापून भंगारात देईन. शपथ."

देवा, ऐकलंस ना? मी साक्षीदार आहे!

११ डिसेंबर, रविवार

गुन्हेगार सापडला – चाकं. हे म्हणतात, चाकं आणि त्यांचे पाय खाली उघडे लोंबतात, हवा त्यांना अडते, आणि इंजिनाच्या ताकदीचा मोठा घास तिथेच जातो. चाकं पोटात ओढून घेता येत नाहीत का? नाही. त्याचं सामान इतकं जड की मग पोत्याऐवजी मलाच कमी करावं लागेल.

खात्री करायला आज रघुचा टेम्पो घेतला. रघु म्हणजे ह्यांचा जुना दोस्त, विमानाचे पंख सुटे करून नेवाळीला पोचवणारा. टेम्पोच्या बाजूला फळी बाहेर काढली, तिला चाक टांगलं आणि पुढून मनुबाईचा काटा अडकवला, म्हणजे हवा चाकाला किती मागे ढकलते ते कळेल. मनुबाई आमच्या कोपरच्या गल्लीत मासे विकते. तिचा स्प्रिंगचा काटा मी "दोन दिवसांसाठी" म्हणून मागून आणलेला. शीळच्या रस्त्यावर टेम्पो साठच्या स्पीडला, हे फळी धरून, आणि मागे पदर कमरेला खोचून काटा वाचायला मी.

चाक आणि पाय मिळून एक किलो दोनशे. मग नुसता पाय टांगला, म्हणजे लाटण्याएवढी लोखंडी नळी. सहाशे! एवढीशी नळी अख्ख्या चाकाएवढी हवा खाते! गोल आहे म्हणून, हे म्हणाले.

फाट्यावर हवालदाराने थांबवलं. "काय वजन करताय?"

"हवेचं," हे म्हणाले.

त्याने आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि जाऊ दिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

२५ डिसेंबर, रविवार

चाकांना फायबरची टोपडी केली. हे "फेअरिंग" म्हणतात, मी टोपडी म्हणते. रेझिन माझ्या दुधाच्या पातेल्यात कालवलं – पातेलं गेलं. वास अजून भाजीला येतोय.

पुढे मस्त टोक, मागे गोल. बाणासारखी. रघु म्हणाला, "दादा, हवा चिरत जाणार!" टेम्पोला टांगली, काटा वाचला – एक किलो. दोन आठवड्यांची मेहनत आणि दोनशे ग्रॅमचा फायदा. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मला बरं वाटायला हवं होतं. होळी काही लांब नाही.

२८ डिसेंबर

मनुबाई काटा मागायला आली. दोन दिवसांचे सतरा झालेले, त्यामुळे तोंडाचा पट्टा चालूच. टोपडं दारातच पडलेलं. ती टोपली उतरवून त्याच्याकडे बघत बसली.

"ह्या काय गो वैनी? होरी?"

मी म्हटलं, विमानाच्या चाकाचं टोपडं.

"मग उलटा केलाव! होरी पान्यावर चालते, तिला टोक लागतं. म्हावरा पान्यान ऱ्हातं." तिने टोपलीतून खाडीची बोय काढून ह्यांच्या नाकासमोर धरली. "ह्या बघ. डोका जाडा, शेपूट बारीक. तुमचा इमान वाऱ्यावर चालतं का वाऱ्यान?"

हे दाढीचा साबण अर्ध्या गालावर घेऊन उभे. विमानाचे पंख ह्यांनी सात वर्षं स्वतःच्या हाताने घडवले – पुढून जाड, मागून पातळ! आणि चाकाला होडीचं नाक लावलं! मला इतकं हसू आलं की दाराला धरून उभी राहिले. ह्यांनी बोय विकत घेतली, टेबलावर ठेवली आणि कॅलिपरने तासभर मापं घेतली. मग मी ती तळली.

१ जानेवारी १९८९, रविवार

टोपडी उलटी बसवली. पायाच्या नळीलाही तसाच माशाच्या आकाराचा पत्रा चढवला. परत शीळचा रस्ता.

चारशे! एक किलो दोनशेचे चारशे!

टेम्पोच्या मागून मी एवढ्या मोठ्याने ओरडले की रघुने ब्रेक मारला. मी कशाला ओरडले? मला तर ते भंगारात जायला हवंय ना?

१४ जानेवारी

संक्रांत. टायर आणि टोपडं यांच्यातली फट ह्यांनी घासूनपुसून एका बोटावर आणली. फट कमी तेवढी आत हवा कमी घुसते. दोन्ही पोरी तान्ह्या असताना ह्यांना त्यांच्या टोपड्याचं माप कधी माहीत नव्हतं. तिळगूळ शेडमध्ये नेऊन दिला.

५ फेब्रुवारी, रविवार

चढलं. पोत्यासकट.

म्हशीच्या वर गेलं, रघुच्या टेम्पोच्या वर गेलं, चिंचेच्या शेंड्याएवढं गेलं. मी टाळ्या वाजवायला हात वर केले आणि ते तसेच राहिले. तोपर्यंत हे विमान म्हणजे एक लांबलचक चेष्टा होती. शेजारणींना सांगायची गोष्ट! आज वर बघितलं, तर त्या कापडाच्या खोक्यात माझा नवरा बसलेला दिसला. मी शिवलेल्या कापडाच्या. टाके मजबूत घातलेले का मी? सात वर्षांपूर्वीचे टाके कोणाला आठवतात?

भीती वाटली. मला ह्यांचा राग येतो, पण हे नसलेले मला चालणार नाहीत. हे कधी तोंडाने सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी इंजिनाच्या आवाजात ऐकलं नसतं.

चिंचेच्या अलीकडेच इंजिन कमी करून उतरवलं. "ओलांडलं का नाही?" रघुने विचारलं. "ब्रेक बघायचे होते," म्हणाले.

२६ फेब्रुवारी, रविवार

बारा मार्चला साहेब येणार. आज ह्यांनी कपाट उघडून एकेक दाखवलं – विम्याचा कागद इथे, पीएफचा इथे, गॅसचं कार्ड इथे. मी म्हटलं, "विमान उडवताय की वर जाताय?" हसले नाहीत. चहा बशीत सांडला.

मग म्हणाले, "त्या दिवशी लिंबू विसरू नकोस."

हे! ज्यांनी स्कूटर घेतली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवू दिलं नव्हतं! अंधश्रद्धेवर मला तासभर भाषण दिलेलं.

११ मार्च

"लिंबू घेतलंस ना?" सकाळी एकदा, जेवताना एकदा, ड्यूटीवरून आल्यावर एकदा. दोन घेतलीत, बाबा. पिवळी, रसाळ.

१२ मार्च, रविवार

संपलं. हे सुखरूप आहेत, ते आधी लिहिते. कपाळाला टेंगूळ आहे, बाकी काही नाही.

साहेब वेळेवर आले. सभ्य माणूस, टोपडी बघून "वा" म्हणाले. ह्यांनी बोयची गोष्ट सांगितली नाही, सगळं श्रेय स्वतः घेतलं. मी विमानाला हळदकुंकू लावलं, रघुने नारळ फोडला, दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. हे एका पंखाला, रघु दुसऱ्या पंखाला – ढकललं. उजवं लिंबू फुटलं. मग हे आत बसले, शेजारी पोतं. इंजिन सुरू झालं, विमान सुटलं.

पन्नास-साठ पावलं गेलं असेल. डावं चाक धरलं. विमान गर्रकन डावीकडे वळलं, धावपट्टी सोडून गवतात गेलं, नाक खाली, आणि पुढचा लाकडी पंखा जमिनीवर आपटून दोन तुकडे.

मी कशी धावले आठवत नाही. चप्पल एकच होती घरी आल्यावर.

रघुने टोपड्यात बोटं घातली आणि चेंदामेंदा बाहेर काढला. "दादा, लिंबू!" डावं लिंबू फुटलंच नव्हतं, अर्धवट चेपून चाकाबरोबर वर चढलं आणि त्या एका बोटाच्या फटीत जाऊन बसलं. साहेबांना हसू आवरेना, पण आवरलं. "दुरुस्त करा, परत अर्ज करा," म्हणाले. हे फक्त एवढंच बोलले, "फट मीच कमी ठेवली. माझी चूक."

१३ मार्च

मी ते लिंबू बघितलेलं. विमान ढकलून झाल्यावर वाकले, तेव्हाच. फटीतून पिवळं दिसत होतं. बोलले नाही.

१८ मार्च

नवरा घरात. हेच हवं होतं ना? नळाचा वॉशर तीन वेळा बदलला. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, आता मला हळद सापडत नाही. गवार निवडून दिली, एकेक शेंग समान लांबीची. शेडचं नाव काढत नाहीत. मनुबाईने विचारलं, "इमानाचा काय झाला?" तर आत निघून गेले.

हे घरात बसलेत आणि घरात कोणी नाही असं वाटतं. मला वाटलेलं विमान गेलं की नवरा मिळेल.

२१ मार्च, होळी

सकाळी पिशवीत करवत घालून निघाले. मीही मागोमाग. "तू कशाला?" "बघायला. मी साक्षीदार आहे."

शेडमध्ये करवत शेपटीवर टेकवली. शेपटीचं कापड हिरव्या दोऱ्याने शिवलेलं – पांढरा संपलेला त्या दिवशी. मी म्हटलं, "थांबा. लिंबू अडकलेलं मी बघितलेलं. आधीच. मुद्दाम बोलले नाही. तुम्ही वर जाऊच नये असं वाटलं. तुमची चूक नाही, फटीची नाही. माझी आहे."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं! करवत खाली ठेवली, झाडू घेतला आणि अख्खी शेड झाडली. घरी येताना रिक्षात दोघांच्या मध्ये पिशवी ठेवली. पुरणपोळी खाल्ली.

२२ मार्च

सकाळी चहा पिताना म्हणाले, "मी पण बघितलेलं. तू वाकलीस त्याच्या आधी. वाटलं, सुरुवातीलाच थांबेल, मी घाबरलोय ते कोणाला कळणार नाही."

मग मी म्हटलं, "नवा पंखा बसला की ते पोतं काढा. मी बसते."