सगळ्या ओळी हिरव्या

५ मे, सोमवार.
आजपासून रोज लिहायचं. खरं तेच. घाबरायचं नाही.
शनिवारी सुबोध सरांनी आमच्या नव्या इन्व्हर्टर बॅटरीचं रिस्कचं काम माझ्याकडे दिलं. बॅटरी बाकीचे बनवतात, तिचं काय बिघडू शकेल याचा विचार मी करायचा. सर म्हणाले, शर्वरी, तुला सवय आहेच. गॅस बंद आहे का ते मी तीनदा बघते, हे ऑफिसात कोणी सांगितलं?

६ मे.
चार्ट केला. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे काम थांबवा. एकच ओळ लाल निघाली: उन्हाळ्यात, बंद जागेत, चार्जिंग चालू असताना बॅटरी फुगून पेटणे.
जेवण गेलं नाही. सर म्हणाले, लाल ओळ घेऊन पैसे लावणाऱ्या पाहुण्यांसमोर बसू कसा? माल याच महिन्यात निघायचाय.

७ मे.
उपाय सापडला. बाबांचाच. पाचवीपर्यंत मी शाळेत गेले नाही, ते घरीच शिकवायचे. गणित अडलं की म्हणायचे, फोड. एकेक तुकडा सोपाच असतो.
लाल ओळ फोडली. उन्हाळा वेगळा, बंद जागा वेगळी, चार्जिंग वेगळं. प्रत्येक ओळीला ऑफिसातला एक जबाबदार माणूस. राघवला विचारलं, नुसत्या चार्जिंगने पेटेल का? म्हणाला, नुसत्या चार्जिंगने? नहीं यार. अनीशला विचारलं, नुसत्या बंद जागेने? म्हणाला, मैडम, बंद जगह में तो अचार भी रखते हैं.
सगळ्या ओळी हिरव्या. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१२ मे, सोमवार.
दुसऱ्याच्या घरी लावायची तर आधी आपल्या घरी, हे माझं तत्त्व. अलीगंजच्या आमच्या घरात जिन्याखालच्या कोठीत बॅटरी बसवली. शेजारी तापमान नोंदवणारं यंत्र.
आईने विचारलं, नेलपेंट लावलंस का, वास येतोय. मी लावत नाही. वास: नवी ओळ, जबाबदार अनीश. तो फोनवर म्हणाला, नया प्लास्टिक है. हिरवी.
बाबा बॅटरीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. म्हणाले, गरम आहे गं. म्हटलं, मर्यादेत आहे.

१४ मे.
बाहेर चव्वेचाळीस. आमच्या बॅटरीचा आलेख दिवसभर सरळ रेघ. राघव म्हणाला, इतनी सीधी? मन्नत माँगी थी क्या? म्हटलं, पद्धत असते एकेक.
संध्याकाळी थोडा चढ दिसतो, तोही नेमका मी घरी आल्यावर. योगायोग.

१६ मे.
घरी आले तर बाबा व्हरांड्यात, बनियन घामाने चिंब, हातात विणलेला पंखा. दुपारभर लाईट नव्हती म्हणे. म्हटलं, बॅटरी आहे ना, छताचा पंखा लावायचा. म्हणाले, सवय राहिलेली बरी. आई लगेच कुकर लावायला आत गेली.
वय झालं की माणसं हट्टी होतात. बाबांशी शांतपणे बोलायचं. माल निघाल्यावर.

१९ मे, सोमवार.
चार्टवर सही केली. सरांनी आमच्या घरचा आलेख मोठ्या पडद्यावर दाखवला. पाहुण्यांपैकी एक म्हणाले, वाह. वीस घरांना बॅटऱ्या जाणार.
पेन परत घेतल्यावर टोपण लागलंय का ते तीनदा बघितलं. सवय.

२१ मे.
वीसपैकी एका घरी, तेलीबागला यमुना आंटींकडे, स्वतः गेले. शाळेत शिकवायच्या, आता एकट्या असतात, गुडघे गेलेत. बैठकीत बॅटरी ठेवू देईनात. अच्छी नहीं लगती, बेटा. मीच आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट सुचवलं. दार घट्ट बसतं, वर कडीही आहे. पलंग लागूनच.
पन्हं दिलं. म्हणाल्या, अब गर्मी में नींद आएगी.
परत येताना बरं वाटत होतं. फक्त स्कूटी सुरू करण्याआधी एकदा वर जाऊन कपाट बघून आले. मग आणखी एकदा.

२५ मे, रविवार. दुपार.
महिन्यातली पहिली सुट्टी. दिवसभर घरी. सकाळपासून बाबा कोठीच्या दाराशी घुटमळत होते.
दोनला लाईट गेली, तीनला आली, चार्जिंग सुरू झालं. तोच नेलपेंटसारखा गोड वास. कोठी उघडली तर बॅटरीची एक बाजू पोटासारखी पुढे आलेली. बाबांनी मला मागे ओढलं आणि मेन स्विच पाडला. न बघता. हात बरोबर तिथेच गेला.
विचारलं. म्हणाले, रोज पाडतो. तू निघालीस की बंद, तुझी स्कूटी फाटकात वाजली की चालू. पहिल्याच दिवशी भीती वाटली गं, पण तुझं काम अडायला नको. मला वाटलं, तुला आलेखात दिसलंच असेल. तू एवढं बारीक बघतेस.
ती सरळ रेघ बंद बॅटरीची होती.

त्याच दिवशी, साडेचार.
सरांना सांगितलं. म्हणाले, तुझ्याच घरचा डेटा दाखवला होता मी. राघव आणि मी मिळून सगळीकडे फोन केले: बंद करा, हात लावू नका, बाहेर थांबा. बाकी सगळ्यांनी उचलले. यमुना आंटी उचलत नाहीत. राघव गाडी घेऊन मला न्यायला येतोय, तोवर लिहिते.
फोन दुसऱ्या खोलीत असेल. गुडघ्यांमुळे उठवत नसेल. झोपल्या असतील.
एकेक वेगळं घेतलं तर प्रत्येक हिरवं.