बोटीतून उतरवलेला दगड

प्रिय आई,

मी बरा आहे, पोटभर जेवतो. धाकट्या सारोतेची दाढ दुखायची थांबली का?

इथे सुवा बंदरातल्या मालशेडमध्ये शिकाऊ म्हणून लागलो त्याला तीन महिने झाले. हा महिनाभरही टिकायचा नाही, असं तू म्हणायचीस ना? टिकलो. आता कोणत्या बेटाचा माल कोणत्या बोटीत चढवायचा ते मीच लिहितो. काल एका बाईने जिवंत डुक्कर 'घरसामान' म्हणून आणलं होतं. असो.

या पत्राबरोबर बाबांच्या थडग्याचा दगड यायचा होता. तो आलेला नाही. आपल्या रोटुमा बेटाच्या बोटीत वजन जास्त झालं. आमचे मुकादम नारायणसामीकाका म्हणाले, "काय रे रोटुमाकर, आधी पीठ, औषधं, डिझेल. दगडधोंडे मागाहून. बोल, काय उतरवू?" मग दगडाच्या खोक्यावरचं नाव वाचून त्यांचा आवाज खाली आला. "तुझा बाप? राहू दे. पिठाची पोती काढू."

पोत्यांवर आपल्याच गावातली नावं होती. दगड मीच उतरवला.

पुढची बोट महिन्याने. शनिवारी बाबांना जाऊन वर्ष होईल, सगळे जमतील. रीतीप्रमाणे दगडावर घालायची चटई घेऊन तू उभी राहशील आणि समोर थडग्याचं नुसतं सिमेंट असेल. त्यावरच घाल, आई.

बोटीत जागा नव्हती, एवढंच लोकांना सांग. कोणी उतरवला ते सांगू नकोस. तुझ्यापासून मात्र लपवता येईना.

तुझी फार आठवण काढणारा,
तुझा तिफेरे