नात्याचा रकाना

दिनांक १२ नोव्हेंबर

चि. खटपटी हिस,

अनेक आशीर्वाद. अकरा वर्षांनी माझे अक्षर आणि तुझे हे लाडाचे नाव पाहून नवल वाटेल. प्रकृती वयोमानाप्रमाणे बरी. पहाटेचे पठण चालू आहे, गुडघे मात्र कुरकुरतात. तुझी कार्यशाळा बंद पडल्याचे कळले. ऊर्जा आणि लघुउद्योग या दोन खात्यांच्या संयुक्त अनुदानावर तुझी सारी भिस्त होती, हेही कळले.

'कळले' हे खरे नव्हे. तुझा अर्ज तपासणाऱ्या समितीत मी होतो.

बेकरीच्या भट्टीची वाया जाणारी उष्णता विटांत साठवून तीवर दुसऱ्या दिवशीचा पाव भाजायचा, ही तुझी युक्ती. तुझी आकडेमोड मी घरी दोनदा पडताळली. चूक सापडली नाही.

बैठकीत ऊर्जा खात्याच्या बाई म्हणाल्या, "यात संशोधन कुठंय? हा तर धंदा."

लघुउद्योगवाले साहेब हसले. "धंदा? अहो, अजून एक गिऱ्हाईक नाही. हे बाळ तुमचंच." मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही उष्णताशास्त्र शिकवलंत. तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणालो, "कल्पना अपक्व आहे."

परीक्षकांच्या प्रपत्रात 'अर्जदाराशी नाते' असा रकाना होता. खरे लिहिले असते, तर माझ्या जागी दुसरा परीक्षक आला असता, इतकेच. मी 'नाही' लिहिले. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या वडिलांनी प्राध्यापकी सोडून गॅरेज टाकले, तेव्हा संबंध संपल्याचे मी रागाने बोललो होतो. तोच शब्द पाळतो आहे, अशी मनाची समजूत घातली. पुढे खोटे उघडकीस येण्याची धास्ती वाटली, म्हणून तुझ्यावर अधिकच कठोर झालो. घरी परतताना स्वतःस निःस्पृह म्हणवून घेतले. शास्त्रे यास दंभ म्हणतात. हयातभर तो शब्द मी इतरांना समजावीत आलो.

गेल्या आठवड्यात दोन्ही खात्यांना सारे लेखी कळवून समिती सोडली. नव्या परीक्षकांकडे अर्ज देण्यास ती राजी आहेत. तसे त्यांचे पत्र तुला येईल; तीस तारखेपूर्वी तुझी संमती हवी. माझ्या पत्राला उत्तर देऊ नकोस हवे तर, त्यांच्या पत्राला दे. निकाल अनुकूल लागला तरी तुला सोडून गेलेले दोन कारागीर आणि हे वाया गेलेले वर्ष परत आणणे माझ्या हाती नाही.

क्षमेस पात्र आहे असे न म्हणता ती मागणारा,
तुझ्या वडिलांचा सख्खा थोरला भाऊ