अकरा पत्रांचं उत्तर

६ फेब्रुवारी

चि. खारूस,
ताईचे आशीर्वाद, जरा थरथरते, पण मनापासून. वि. वि.

अक्षर पाहून घाबरू नकोस. इथे दर चार दिवसांनी माझ्या गोळीचा पाव तुकडा कमी करतात, आणि कमी झालेला तुकडा माझ्या हातात येऊन नाचतो. मोबाइल काढून घेतलाय. बरंच झालं, फोनवर तू नुसतं ‘बरं, बरं’ म्हणतोस.

मी न्हाणीघरात पडले इथपर्यंत शेजारणीने तुला कळवलंय. पुढचं असं, की हाडं शाबूत निघाली आणि तपासणीत गोळ्या निघाल्या. म्हणून या वॉर्डात आणलं. साठी उलटलेल्यांचा वॉर्ड, सोळा खाटा. बरेच जण दारूचे, आम्ही चार बायका झोपेच्या गोळ्यांच्या, आणि दोघांना व्यसन कसलंच नाही, नुसतं जगणं नकोसं झालंय. दारांना आतून कडी नाही. गाऊनचा पट्टा आणि चष्म्याची दोरी पहिल्याच दिवशी जमा. अडतीस वर्षं मी दारूविरुद्ध सभा गाजवल्या, रे! माझ्या एका हाकेवर मैदान उठून उभं राहायचं. आता मी पिणाऱ्यांच्या रांगेत चहाचा पेला घेऊन उभी असते, आणि रांगेत सगळ्यात जास्त चहा माझाच सांडतो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कोण देत होतं. मी म्हटलं, मला पाय आहेत. औषधाच्या दुकानात भाऊ बसतो हे काही मी सांगितलं नाही.

पण एक गोष्ट आहे. दर दुसऱ्या रविवारी इथे घरच्यांची बैठक असते. प्रत्येकाशेजारी एक खुर्ची. घरच्या माणसाने तिथे बसायचं आणि या सगळ्यात आपला वाटा काय होता ते सर्वांसमक्ष सांगायचं. तसं कोणी आल्याशिवाय एकट्या माणसाला घरी सोडत नाहीत. कोणीच आलं नाही तर मागच्या पिवळ्या इमारतीत कायमची सोय करतात. ती माझ्या खिडकीतून दिसते. तिथली माणसं दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसतात. हे जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझं घरचं म्हणजे तू एकटा. बावीस तारखेला ये.

वाट पाहणारी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. गुडघा वाकत नाही, म्हणून तो उभ्यानेच मानून घ्यावा. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तर लिहून झालं आणि सवयीने पुठ्ठ्याचा खोका काढला. सहा वर्षं पत्रासोबत गोळ्या जात होत्या का गोळ्यांसोबत पत्र, कोण जाणे. खोक्यात एकटं पत्र टाकलं तर ते इकडून तिकडे घसरायला लागलं. मग साधं पाकीट आणलं.

दुकान ठीक. शिडीची वरची पायरी अजून तुटलेलीच आहे, त्यामुळे वरच्या फळीवरची औषधं ज्यांना लागतात त्यांनी आजारी पडू नये, एवढीच माझी इच्छा. संध्याकाळचं गिऱ्हाईक सगळं आपल्या वयाचं. कोणी खोकल्याचं निमित्त काढतं, कोणी पाठीचं. हवी असते झोप. मी खण उघडतो, ते मला देवमाणूस म्हणतात. तुझी बातमी आल्यापासून तो खण उघडताना हात आखडतो.

माझं नाव डॉक्टरीणबाईंना सांगून टाक. खोटं बोलणं तुला जमत नाही, तुझा आवाज चढतो.

बावीसला यायला जमणार नाही. मुदत संपलेली औषधं वेगळी काढायची आहेत. खरं सांगायचं तर, मी तुला एक गोष्ट विचारली होती आणि त्यावर तू काही बोलली नाहीस. राग नाही. पण घरचा माणूस म्हणून मी कोणत्या तोंडाने त्या खुर्चीत बसू, ते मला कळत नाही.

जेवत जा. चहा अर्धाच पेला घेत जा, म्हणजे सांडणार नाही.

तुझा,
खारू


२४ फेब्रुवारी

चि. खारूस,
आशीर्वाद आहेतच, रागही आहे, तो वेगळ्या पाकिटात पाठवावा लागेल. वि. वि.

रविवारी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. मुदत संपलेली औषधं! ती काय पळून जाणार होती? आणि काय विचारलं होतंस ते एकदा स्पष्ट लिही. माझ्या डोक्यात सध्या धुकं आहे.

इथे एक ड्रायव्हर आहेत, सत्तरीचे, मालट्रक चालवायचे. परवा माझं सिस्टरशी भांडण चाललं होतं. तिचं म्हणणं, मी दुपारी आडवं व्हावं. मी म्हटलं, म्हातारं माणूस जागं असलं की सगळ्यांची अडचण होते! ते प्रश्न विचारतं, तेच तेच सांगतं, त्याला सोबत लागते. मुलाला वेळ नाही, डॉक्टरला वेळ नाही, शेजाऱ्याला वेळ नाही. गोळीला मात्र वेळच वेळ. मग द्या गोळी, निजवा, आणि घर शांत झालं की म्हणा, आता बरं आहे हो त्यांचं! हे मी आजही कोणत्याही मैदानात सांगायला तयार आहे. सगळा वॉर्ड ऐकत होता. ड्रायव्हर उठून माझ्यासमोर आले आणि म्हणाले, आवाजावरून ओळखलं, बाई.

तीस वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोने त्यांना माझ्या सभेला आणलं होतं. तुला आठवतं ना, मी पिणाऱ्याला गर्दीतून उभं करायचे, नाव विचारायचे, शपथ घ्यायला लावायचे. टाळ्या पडायच्या. मला वाटे, सुटला एक माणूस. ते म्हणाले, त्या संध्याकाळी नेहमीच्या दुप्पट प्यालो. मुलगी शेजारीच उभी होती, तिने सगळं पाहिलं.

रागाने म्हणाले नाहीत. सांगून झाल्यावर माझा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला, मी पिऊन संपवेपर्यंत. त्यांचेही हात कापतात. पण चार हात मिळून कमी कापतात असं दिसतं.

पुढची बैठक आठ मार्चला. गुडघा घेऊन ये.

तुझीच, अजून तरी जागी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. वि. वि.

स्पष्ट लिही म्हणतेस. नोव्हेंबरात स्पष्टच लिहिलं होतं, दोन पानं. त्यावर तुझं कार्ड आलं, ते काउंटरच्या काचेखाली अजून आहे: ‘पत्र पावलं. गोळ्या संपल्या. लवकर पाठव.’ मी पाठवल्या. दुसरं काय करणार? तीच गोष्ट दोनदा विचारायचं माझं वय राहिलं नाही.

माझा वाटा मात्र मी नाकारत नाही. वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडला आहे. महिन्याच्या गोळ्या तुला वीस दिवसही पुरत नव्हत्या, हे मला दोन वर्षं दिसत होतं. दुसरं कोणी असतं तर दारातून परत पाठवलं असतं. तुला नाही म्हटलं असतं तर मग पत्र कशाच्या निमित्ताने लिहिलं असतं? तू व्यासपीठावरची, मी काउंटरमागचा. मला नुसतं पत्र लिहिता येत नाही, ताई. सोबत काहीतरी द्यावं लागतं.

तो कागद बैठकीत तूच वाच. तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. आठ तारखेला मी येत नाही.

जपून राहा.

खारू


९ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद द्यायचा मला हक्क आहे का, ते पुढचं वाचून ठरव. वि. वि.

तुझा कागद मी चार वेळा वाचला, पण बैठकीत वाचला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोठ्याने वाचल्या, आता पुरे. तो परत पाठवते आहे. खुर्ची कालही रिकामीच होती.

ड्रायव्हरांना पेन धरवत नाही. आज त्यांनी माझ्याकडून मुलीला पत्र लिहून घेतलं. सांगणं चार ओळींचं: जेवण बरं आहे, झोप बरी आहे, बैठक बावीसला आहे. मी म्हटलं, आणखी काही घालू का? ते म्हणाले, नको बाई, ती फोडणारच नाही. आधीचीही तिने खणात टाकली आहेत, जावयाने सांगितलं. मी पेन खाली ठेवलं. पाकिटावरचा पत्ता सिस्टरने लिहिला.

खारू, माझ्याही खणात आहेत. पलंगाशेजारच्या, खालच्या. अकरा पाकिटं, तुझ्या अक्षरातली, न फोडलेली.

एकदाच सांगते, सगळं ऐक. हे गेल्यावर पहिल्या वर्षी मी गोळ्या मुद्दाम लवकर संपवायचे. संपल्या की तुझा खोका लवकर येई, आणि खोक्यात पत्र असे. तुझी शिडी, तुझी गिऱ्हाइकं. दोन-दोनदा वाचायचे, एकटीच हसायचे. मग हे कधी उलटं झालं ते कळलं नाही. खोका आला की कानाशी धरून हलवायचे. आतली खुळखुळ ऐकली की जीव भांड्यात पडायचा. गोळ्या काढून घ्यायच्या, पत्र खणात. उद्या वाचू. उद्या डोकं जड. गेल्या जूनपासून एकही उघडलेलं नाही. ‘पत्र पावलं’ हे मी रिकाम्या खोक्याकडे बघून लिहीत होते.

नोव्हेंबरात तू काय विचारलंस, मला ठाऊक नाही. ते धुकं नव्हतं. खोटं बोलले होते.

शेजारणीकडे किल्ली आहे. तिला पाकिटं आणून द्यायला सांगितलंय.

तुझी कोण, ते तू ठरव,
ताई


१५ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद. वि. वि.

तू गप्प आहेस, ते बरोबरच आहे. हे तुझ्या अकरा पत्रांचं उत्तर.

पाकिटं सिस्टरने माझ्यासमोर फोडली. आत काही दडवलेलं नाही ना, ते बघावं लागतं. प्रत्येक पत्र उलटं करून तिने झटकलं. काही पडलं नाही.

जून: खोकल्याचं औषध मागायला येऊन शिंका देणाऱ्या मास्तरांची गोष्ट चांगली आहे. आज हसले. जुलै: चष्मा नवा कर. खिशात दोन जुने बाळगून नवं काही दिसणार नाही. ऑगस्ट: शिडीवरून पडलास आणि गिऱ्हाईक येईपर्यंत दुपारभर जमिनीवर पडून राहिलास. लिहितोस, दुकानाचं छत पहिल्यांदाच नीट पाहिलं, पोपडे आलेत. यावर मी काय लिहू? त्याच आठवड्यात मी तुला कार्ड टाकलं असणार, पाठव म्हणून. सप्टेंबरात आणि ऑक्टोबरात तू फक्त माझी तब्येत विचारली आहेस. चार पत्रांत मिळून नऊ वेळा.

नोव्हेंबर. दुकान एकट्याने ओढवत नाही, तुझी मागची खोली अजून रिकामी आहे का? मी आवाज करत नाही, सकाळचा चहा मी करीन. दोन पानांत तुझं मागणं एवढंच. बाकीच्या सगळ्या ओळी मला नाही म्हणणं सोपं जावं म्हणून लिहिल्यास.

खोली रिकामी आहे. चार महिने उशिरा सांगते आहे. शिवणयंत्र ठेवलंय तिथे, ते हलवता येतं. सकाळचं ऊन येतं.

त्यानंतरची पत्रं चार-चार ओळींची. त्यात शिडी नाही, मास्तर नाहीत. शेवटच्यात तर फक्त ‘गोळ्या पाठवल्या आहेत’. ते वाचायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता मी अर्ध्या गोळीवर आले आहे. पेला एका हाताने धरते. ड्रायव्हरांच्या मुलीकडून काही आलेलं नाही. रविवारी त्यांची खुर्ची माझ्या डाव्या बाजूला लावून घेणार आहे. उजवीकडची तुझी. तू आला नाहीस तरी मी माझं बोलणार आहे. बसून, हळू आवाजात.

ताई


१८ मार्च

ती. ताईस,
नमस्कार, गुडघ्यासकट. वि. वि.

दोन्ही पत्रं वाचली. राग आला. एवढा कधी आला नव्हता. अकरा! तू भाषा जाणणारी म्हणून मी प्रत्येक पत्र आधी पावतीच्या पाठीवर कच्चं लिहायचो आणि मग नीट उतरवून काढायचो. दोन दिवस दुकानात कोणाशी धड बोललो नाही. मग आज सकाळी कुलूप उघडताना लक्षात आलं, तू नाही म्हणालीच नव्हतीस. चार महिने मी एका नकारासोबत राहिलो, आणि तो कोणी दिलेलाच नव्हता.

खोलीचं आत्ता काही बोलत नाही. नोव्हेंबरात ज्याने विचारलं होतं तो माणूस जरा थकला आहे. त्याला आधी तुला बघू दे.

रविवारी येतो. लहानपणापासून माझे खिसे भरलेले, म्हणून तर तू मला खारू केलंस. आज दुपारी कोट काउंटरवर उलटा केला. सुतळी, दोन जुने चष्मे, पावत्या, आणि तळाशी गोळ्यांची एक पट्टी, तुझ्यासाठी बाजूला काढलेली. ती मुदत संपलेल्यांच्या पेटीत टाकली. मुदत तशी पुढच्या वर्षीची होती.

तू परत पाठवलेला कागदही घेत नाही. जे काय आहे ते बोलेन. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणार नाही. तू शेजारी असशील, तुला ऐकू आला तरी पुरे.

या वेळी सोबत काही आणत नाही. नुसता येतो.

तुझा,
खारू